उत्पन्न ‘कंट्रोल’ केलं आणि संबंधच गेला : मग मूळ निष्कर्ष खोटा होता का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे भलत्याच प्रश्नाला उत्तर दिलं असं व्हायला नको. नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा आणि भिवापूर तालुक्यांतल्या आठ गावांमधून तुम्ही ४०० विवाहित महिलांच्या मुलाखती घेतल्या. बचत गटात असलेल्या बाईचा घरातल्या निर्णयांत शब्द जास्त चालतो का, हे तपासायचं होतं. साध्या क्रॉसटॅबमध्ये, म्हणजे दोनच चलांच्या आडव्या-उभ्या तक्त्यात, ‘हो’ असं ठळक उत्तर आलं. प्रबंधाचे गाइड म्हणाले, तिसरा चल (बाईगणिक बदलणारी आणखी एखादी गोष्ट) कंट्रोल करा, म्हणजे तो सारखा असलेल्या बायांचीच तुलना करा. तुम्ही वय टाकलं, फरक कमी झाला. बाईची स्वतःची कमाई टाकली, फरक जवळपास गेलाच. मग गाइड म्हणाले, आहेत तेवढे सगळे टाका. शिक्षण, प्रवर्ग, कुटुंबाचं मासिक उत्पन्न, घरात सासू आहे का, बाई ग्रामसभेला जाते का, सगळं एका लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (हो-नाही अशा उत्तरासाठी अनेक चलांचा एकत्र हिशेब करणारी पद्धत) गेलं आणि आता गटाच्या पुढे उणे चिन्ह आलंय. म्हणजे गटात गेल्यानं बाईचा शब्द कमी होतो! तुम्ही विचारता : पहिला निष्कर्ष खोटा की शेवटचा, आणि कोणते चल ठेवायचे?

यातला कोणताही आकडा सॉफ्टवेअरनं चुकवलेला नाही. तुम्ही चार वेगवेगळे प्रश्न विचारले आणि चार वेगवेगळी उत्तरं मिळाली. अडचण अशी की त्यातला तुमचा प्रश्न कोणता हे अजून ठरलेलं नाही, आणि ते एसपीएसएस ठरवून देणार नाही. प्रत्येक चल घटनांच्या क्रमात कुठे बसतो, गटात येण्याच्या आधी की नंतर, हे कागदावर कारणाकडून परिणामाकडे बाण काढून आधी ठरवावं लागतं. मी तुमच्या यादीतला एकेक चल घेते.

सुरुवात वयापासून, कारण ते सगळ्यात सरळ आहे. नवी सून सहसा गटात नसते. लेकरं थोडी मोठी झाली, घरात जरा बस्तान बसलं की बाई गटात येते. आणि वय वाढलं की घरात शब्दही वाढतो, गट असो नसो. म्हणजे वय गटात असण्यालाही ढकलतं आणि शब्द चालण्यालाही. खाली समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेते, तुमचे नव्हेत. २०० सदस्य आणि २०० बिगरसदस्य. सदस्यांमध्ये तिशीच्या आतल्या ५०, वरच्या १५०. बिगरसदस्यांमध्ये उलट : आतल्या १४०, वरच्या ६०. तिशीच्या आत शब्द चालतो तो सदस्यांपैकी १५ जणींचा, म्हणजे ३० टक्के, आणि बिगरसदस्यांपैकी ३५ जणींचा, म्हणजे २५ टक्के. तिशीच्या वर सदस्यांपैकी १०५ जणींचा, ७० टक्के. बिगरसदस्यांपैकी ३६ जणींचा, ६० टक्के.

आता एकत्र बेरीज करा. सदस्य १२०, म्हणजे ६० टक्के. बिगरसदस्य ७१, म्हणजे ३५.५ टक्के. फरक साडेचोवीस टक्क्यांचा. पण वयाचे गट वेगळे केले की फरक फक्त ५ आणि १० टक्क्यांचा उरतो, आणि दोन्ही बाजूंना वयाचं प्रमाण सारखं धरून सरासरी काढली तर तो सुमारे साडेसात येतो. उरलेले सतरा टक्के गटाचे नव्हतेच, ते वयाचे होते. कंट्रोल करणं म्हणजे एवढंच : तिशीतल्या बाईची तुलना तिशीतल्याच बाईशी. रिग्रेशन हेच काम अनेक चलांसाठी एकदम करतं. माझा आग्रह असा की रिग्रेशनच्या आधी हा तीन पदरी तक्ता हातानं एकदा बनवाच. कुठल्या खान्यात किती बाया उरल्या हे त्यात दिसतं, आणि रिग्रेशनच्या आउटपुटमध्ये ते झाकलं जातं. वयाचे दोनच गट करू नका, हेही लक्षात ठेवा. तिशीच्या वर पस्तिशीची बाई आणि पंचावन्नची सासू एकाच खान्यात पडतात, आणि वयाचा बराचसा परिणाम तसाच मागे उरतो.

वयाबाबत वाद नाही, कारण गटात गेल्यानं कोणाचं वय बदलत नाही. लग्नाआधी झालेलं शिक्षण तसंच, प्रवर्गही तसाच. हे तिन्ही ठेवा. कुटुंबाची गरिबीही याच पंक्तीत येते. २०११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, म्हणजे आपल्याकडच्या ‘उमेद’चा, भरच गरीब कुटुंबांना आधी गटात आणण्यावर आहे. त्यामुळे सदस्य आणि बिगरसदस्य घरं मुळातच सारखी नसतात.

आता तुमचं खरं दुखणं, बाईची स्वतःची कमाई. इथे मी गाइडांशी असहमत आहे. गट काम कसं करतो ते बघा. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, अशी पंचसूत्री साधारण सहा महिने पाळली की बँकेचं कर्ज मिळायचा रस्ता उघडतो. त्यातून शेळी येते, शिलाई मशीन येतं, पापड-मसाल्याचं काम सुरू होतं. बाईच्या हातात पैसा येतो आणि मग घरात तिला विचारलं जातं. म्हणजे कमाई हा गट आणि शब्द यांच्या मधला टप्पा आहे. तो कंट्रोल करून तुम्ही विचारलंत की सारखीच कमाई असलेल्या दोन बायांमध्ये गटानं काही फरक पडतो का? काटोलच्या संत्र्याच्या बागेत खताचा परिणाम बघायला निघावं आणि तुलनेसाठी सारखीच फळं लागलेली झाडं निवडावीत, तसं हे झालं. खत निरुपयोगी ठरणारच, कारण त्याचं काम तुम्ही निवडीतच पुसून टाकलंत. तेव्हा कमाई टाकल्यावर फरक गेला, याचा अर्थ गटाचा उपयोग नाही असा होत नाही. गटाचा बराचसा परिणाम पैशाच्या वाटेनं येत असावा, असा तो होऊ शकतो, आणि तो तुमच्या प्रबंधातला कदाचित सगळ्यात रंजक निष्कर्ष आहे.

‘होऊ शकतो’ म्हटलं, कारण इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. उलटा क्रमही शक्य आहे. जिची आधीपासून कमाई होती, तीच दर महिन्याला बचत भरू शकली, म्हणून तीच गटात आली. तसं असेल तर कमाई वयासारखी वागते आणि ती कंट्रोल करायलाच हवी. एकाच वेळी घेतलेल्या मुलाखतींच्या आकड्यांत या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. सहसंबंधाचा कुठलाही निर्देशांक त्या वेगळ्या करू शकत नाही. प्रश्नावलीत ‘गटात येण्याआधी स्वतःची कमाई होती का’ असा प्रश्न असेल तर ती आधीची कमाई कंट्रोल करा आणि नंतरची सोडा. नसेल तर गावात फेरी मारून एवढा एकच प्रश्न, हो किंवा नाही, सदस्यांना विचारून या. रक्कम विचारू नका. पाच वर्षांपूर्वीची रक्कम कोणालाच नीट आठवत नाही, पण कामाला जात होते की नव्हते हे पक्कं आठवतं.

गेलात की आणखी एक माहिती आणा : गटात येऊन किती महिने झाले आणि गटाला बँकेचं कर्ज मिळालं का. हे माझं सगळ्यात आवडतं हत्यार आहे. जी बाई नुकतीच गटात आली आणि जिच्या गटाला अजून कर्ज नाही, तिनं गटात यायचं ठरवलेलं आहे, घरून परवानगीही मिळवली आहे, पण गटाचा परिणाम अजून व्हायचा आहे. जुन्या सदस्यांची तुलना बिगरसदस्यांपेक्षा या नव्या सदस्यांशी करून बघा. मुळात धीट बायाच गटात जातात हा आक्षेप व्हायव्हामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास येतो. जिद्द, नवऱ्याचा स्वभाव, माहेरचा आधार या गोष्टी मोजल्याच नसल्या तर कंट्रोल कुठून करणार? नव्या सदस्यांशी तुलना केली की त्यातला बराचसा भाग आपोआप सारखा होतो. सगळा होत नाही. पहिल्याच वर्षी गटात गेलेल्या बाया वेगळ्या असतात आणि गटातून गळून गेलेल्या तुम्हाला भेटतच नाहीत. तेवढं लिहून टाकायचं.

ग्रामसभेचा चल मात्र आजच काढा. उणे चिन्हाचा पहिला संशय माझा त्याच्यावरच आहे. ग्रामसभेला बाई कशी पोचते? एक तर गटाच्या ताई सगळ्यांना घेऊन जातात. नाही तर बाईचाच घरात शब्द इतका चालतो की ती कोणाला न विचारता जाते. आता ‘ग्रामसभेला जाणाऱ्या’ बायांमध्येच तुलना केली तर काय होईल? तिथे असलेली बिगरसदस्य बाई गटाच्या आधाराशिवाय आली आहे, म्हणजे ती बहुधा दुसऱ्या कारणानं आली आहे, तिचा शब्द चालतो म्हणून. सदस्य बाई मात्र शब्द चालत नसला तरी गटासोबत आलेली असू शकते. साहजिकच या घोळक्यात सदस्य कमजोर दिसतात. हा परिणाम गावात कुठेही नाही, तो तुम्ही चल टाकून तयार केलात. दोन बाणांची टोकं ज्या चलात येऊन मिळतात त्याला कोलायडर म्हणतात. तो कंट्रोल केला की नसलेला संबंध उगवतो किंवा असलेला उलटतो. जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये रुग्णालयातल्या नोंदींबद्दल हीच गोष्ट दाखवली होती : रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्येच दोन आजारांची तुलना केली, तर बाहेरच्या लोकांत मुळीच नसलेला संबंध तिथे दिसू शकतो. म्हणून हाही विचार करा की तुम्हाला बिगरसदस्य बाया भेटल्या कुठे. घरोघरी जाऊन भेटल्या असतील तर ठीक. एखाद्या मेळाव्यात किंवा शिबिरात भेटल्या असतील तर हा दोष नमुन्यातच शिरला आहे, आणि मॉडेलमधून कोणताही चल काढून तो जाणार नाही.

‘जितके जास्त कंट्रोल तितकं विश्लेषण मजबूत’ ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. वर्कशॉपमध्ये बटणं कुठली दाबायची ते शिकवतात, बाण काढायला कोणी शिकवत नाही. तिसऱ्या चलाचं ते प्रसिद्ध उदाहरणही अर्धंच सांगतात. १९७३ च्या हंगामात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. पी. जे. बिकेल आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये विभागवार आकडे मांडले तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांवर अन्याय दिसेना. एका मोठ्या विभागात तर पुरुषांना ६२ टक्के आणि स्त्रियांना ८२ टक्के प्रवेश होता. स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांकडे गेले होते, जिथे कोणालाच सहज प्रवेश मिळत नव्हता. आपण इथे थांबतो आणि म्हणतो, बघा, विभाग कंट्रोल केला आणि भेदभाव गायब. पण विभाग हा वयासारखा आधीचा चल आहे का? अर्जदार स्त्री आहे म्हणून ती कोणत्या विभागाकडे वळते, हे शाळेपासून ठरत आलेलं असतं. म्हणजे विभाग हा तुमच्या कमाईसारखा मधला टप्पा आहे. ‘प्रवेश समित्यांनी पक्षपात केला का’ असा प्रश्न असेल तर विभाग कंट्रोल करणं योग्य. ‘स्त्री असल्यानं उच्च शिक्षणाची वाट अवघड होते का’ असा प्रश्न असेल तर तोच कंट्रोल उत्तर झाकून टाकतो. आकडे तेच, प्रश्न दोन. तुमच्या कमाईचंही तसंच आहे.

सासूबद्दल थोडक्यात. घरात सासू असणं हा तुमच्याकडे नुसता कंट्रोल करून विसरायचा चल नाही. माझ्या अनुभवात गटाचा परिणाम एकत्र कुटुंबात आणि वेगळ्या चुलीत सारखा नसतो. ‘आमच्या घरी सासूबाईले इचारल्याशिवाय काई होत नाई’ असं म्हणणाऱ्या बाईच्या हाती कर्ज आलं तरी ते कुठे जायचं हे ती ठरवत नाही. असं असेल तर एक सरासरी आकडा देण्यापेक्षा दोन्ही प्रकारच्या घरांचे आकडे वेगळे द्या, किंवा मॉडेलमध्ये गट आणि सासू यांचा गुणाकार टाका. पण ४०० च्या नमुन्यात यातून फार अपेक्षा ठेवू नका. मूळ फरकाएवढाच मोठा आंतरक्रियेचा फरक (दोन प्रकारच्या घरांतल्या गटाच्या परिणामांमधला फरक) तितक्याच खात्रीनं पकडायला साधारण चौपट नमुना लागतो. म्हणून ते प्रकरणात ‘दिशा अशी दिसते’ एवढ्यावर ठेवा.

तुमच्या यादीत नसलेला एक चल मला सगळ्यात जास्त खटकतो, तो म्हणजे गाव. हिंगण्याच्या बाजूला एमआयडीसी आहे. तिथल्या बाईला पॅकिंगचं महिन्याच्या पगाराचं काम मिळू शकतं. भिवापूरकडे शेतमजुरी आणि मिरचीचे देठ खुडण्याचं हंगामी काम. गावागावांत गट किती जुने, बँक किती लांब, पूर्वी कोणी संस्था काम करून गेली का, सगळं वेगळं. हे एकेक मोजत बसण्यापेक्षा आठ गावांसाठी सात डमी चल टाका (बाई त्या गावची असेल तर १, नसेल तर ०; आठवं गाव तुलनेचा पाया). मग तुलना एकाच गावातल्या सदस्य आणि बिगरसदस्य बायांमध्ये होईल, आणि गावपातळीवरच्या मोजलेल्या-न मोजलेल्या सगळ्या गोष्टी एका झटक्यात सारख्या होतील. शिवाय एका गावातल्या ५० बाया एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे तुमचा नमुना दिसतो ४०० चा, पण त्यातली माहिती त्याहून कमी बायांएवढी आहे. मर्यादांमध्ये हे लिहाच.

‘कुटुंबाचं मासिक उत्पन्न’ हा चल तुम्ही कसा विचारला, हेही तपासा. आपल्याकडे हातात फॉर्म दिसला की रेशनकार्ड आठवतं. पिवळं कार्ड जाईल या धास्तीनं उत्पन्न कमीच सांगितलं जातं, आणि शेतकरी घरात महिन्याचं उत्पन्न असा प्रकारच नसतो. चुकीचा मोजलेला चल टाकला तर कंट्रोल अर्धवट होतो, आणि आपल्याला वाटतं गरिबीचा हिशोब झाला. त्याऐवजी घराच्या भिंती, शौचालय, गॅस, दुचाकी, जमीन यांवरून एक निर्देशांक बनवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणसुद्धा उत्पन्न न विचारता मालमत्तेवरूनच घरांची वर्गवारी करतं. तुम्ही निर्णयांचे तीन प्रश्न (स्वतःचे उपचार, मोठी खरेदी, माहेरी-नातेवाइकांकडे जाणं) त्यातूनच घेतलेले दिसतात, ते चांगलं केलंत. फक्त यातही मालमत्तेची एखादी वस्तू गटाच्या कर्जातून आलेली असेल तर ती निर्देशांकातून वगळा. दुचाकी आणि शिलाई मशीन हे दोन नेहमीचे संशयित.

आता आउटपुट वाचण्याबद्दल दोन गोष्टी. तुम्ही लिहिलंय, ‘वय टाकल्यावर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली, म्हणजे संबंध उरला नाही.’ तसं नसतं. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते की खरा संबंध नसता तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. माझ्या वरच्या काल्पनिक तक्त्यातला साडेसात टक्क्यांचा फरकच घ्या. ४०० बायांत त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे १० टक्क्यांची अनिश्चितता येते. म्हणजे खरा फरक शून्य असू शकतो, तसाच १५ टक्केही असू शकतो. ‘पुरावा अपुरा’ आणि ‘संबंध नाही’ ही वेगवेगळी वाक्यं आहेत. दुसरी गोष्ट लॉजिस्टिकची खोड. त्यात एखादा चल टाकल्यावर गटाचा ऑड्स रेशो (शब्द चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या बायांचं प्रमाण सदस्यांत बिगरसदस्यांच्या किती पट आहे तो आकडा) हलतो, मग त्या चलाचा गटाशी काडीचा संबंध नसला तरी. त्यामुळे एका मॉडेलमधला ऑड्स रेशो दुसऱ्यातल्याशी ताडून ‘एवढा परिणाम तिसऱ्या चलाचा होता’ असं म्हणता येत नाही. प्रत्येक मॉडेलवरून सदस्य आणि बिगरसदस्यांची अंदाजित टक्केवारी काढा आणि ती ताडा. वाचणाऱ्यालाही तेच कळतं.

तुमच्या जागी मी असते तर तीन तक्ते दिले असते. पहिला कच्चा, कशाचाही कंट्रोल न करता. दुसरा वय, शिक्षण, प्रवर्ग, मालमत्ता, आधीची कमाई आणि गाव घेऊन. प्रबंधाचं मुख्य उत्तर तोच. तिसऱ्यात आत्ताची कमाई घालायची, पण ‘परिणाम कोणत्या वाटेनं येतो’ अशा वेगळ्या उपशीर्षकाखाली, आणि तिथे स्पष्ट लिहायचं की कमाई आणि शब्द दोन्हीवर परिणाम करणारं काही मोजायचं राहिलं असेल, उदाहरणार्थ नवऱ्याची साथ, तर हा भाग डळमळीत आहे. दुसऱ्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीवर मात्र परिच्छेद लिहू नका. ‘शिक्षणाचा परिणाम इतका, वयाचा इतका’ ही प्रबंधांमधली जुनी सवय आहे. ती मांडणी गटाच्या आकड्यासाठी केलेली आहे, शिक्षणाच्या आकड्याला तिथे तोच अर्थ उरत नाही.

गाइडांना ‘सर, तुमचं चुकलं’ असं सांगायची गरज नाही. ज्या कागदावर बाण काढलेत तो समोर ठेवा आणि विचारा, ‘सर, ग्रामसभा आधी की गट आधी?’ सगळे चल घातलेला चौथा तक्ता हवाच असा त्यांचा हट्ट राहिला तर तो परिशिष्टात टाका आणि खाली उणे चिन्ह का आलं त्याच्या चार ओळी लिहा. राहिला शीर्षकाचा प्रश्न. आरआरसीनं, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीनं, मंजूर केलेल्या शीर्षकात ‘परिणाम’ आहे तो राहू द्या, त्यासाठी पुन्हा समितीपुढे जाऊ नका. निष्कर्षाच्या प्रकरणात मात्र ‘वय, शिक्षण, मालमत्ता आणि गाव सारखं असलेल्या बायांमध्ये’ हे शब्द प्रत्येक विधानाच्या आधी येऊ द्या, आणि बाह्य परीक्षकांनी ‘मग याला परिणाम कसं म्हणता’ विचारलं की नव्या सदस्यांशी केलेली तुलना उघडून दाखवा.